बोटाला लावायचा ऑक्सिमीटर: घ्यावा जरूर, पण आकडा वाचण्याआधी बोट कोणाचं आहे ते पाहावं

पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा चिमटा, आत दोन ट्रिपल ए सेल, एक बटण आणि नखाएवढा पडदा, त्यावर रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी. कोरोनाच्या काळात तो घराघरांत आला. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत दारोदार फिरणाऱ्या पथकांच्या हातातही तो होता. आता बहुतेक घरांत तो बीपी मशीन आणि थर्मामीटरच्या शेजारी कपाटात असतो. दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट श्वासविकार) किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तिथे मात्र रोज बाहेर निघतो.

कोणत्या कंपनीचा घ्यावा, हे सगळेच विचारतात, आणि घेताना काय पाहावं ते पुढे लिहिलं आहे. पण हा आकडा कोणाच्या बोटावर तपासून पक्का केला, हे दुकानात कोणी विचारत नाही. या यंत्राचं परीक्षण तिथूनच सुरू व्हायला हवं.

आधी निष्कर्ष. यंत्र उपयोगाचं आहे, घरात असावं. पण ९४ दिसले म्हणजे ९४ आहेत, असं धरून चालू नये. काळ्यासावळ्या कातडीवर ते खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला ते ९८ दाखवतं आणि तो ९८ खराही असतो, पण तिच्या शरीराला मिळणारा ऑक्सिजन अर्ध्यावर आलेला असू शकतो. चुलीच्या धुरात बसणारीच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असेल, तर यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजून मोजतं. या तिन्ही ठिकाणी चूक एकाच बाजूला होते: 'सगळं ठीक आहे' असं सांगण्याच्या बाजूला. म्हणून ती जास्त धोक्याची.

आत काय चालतं ते समजून घेतलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं. चिमट्याच्या वरच्या जबड्यात दोन बारीक दिवे असतात. एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, ९४० नॅनोमीटरचा. खालच्या जबड्यात प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लाल प्रकाश बऱ्यापैकी जाऊ देतं, ऑक्सिजन नसलेलं रक्त तो शोषून घेतं. अवरक्त प्रकाशाचं याच्या उलट. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला धमनी किंचित फुगते, त्याबरोबर सेन्सरवर पडणारा प्रकाश कमीजास्त होतो. कातडी, हाड, नख, शिरेतलं रक्त यांनी शोषलेला प्रकाश स्थिर असतो. यंत्र तो बाजूला काढतं आणि ठोक्याबरोबर हलणाऱ्या भागाचं लाल आणि अवरक्त यांतलं गुणोत्तर घेतं. ही युक्ती निहोन कोहडेन या जपानी कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची. एप्रिल २०२० मध्ये, त्यांचं यंत्र जगभर घरोघरी पोहोचत असतानाच, ते वारले.

गुणोत्तर मिळालं तरी टक्के मिळत नाहीत. गुणोत्तर १ आलं की साधारण ८५ टक्के, ०.५ आलं की ९७-९८, असं एक कोष्टक यंत्राच्या चिपमध्ये भरलेलं असतं. ते कोष्टक माणसांवर प्रयोग करून तयार होतं. निरोगी, तरुण स्वयंसेवकांना हळूहळू कमी ऑक्सिजनची हवा श्वासातून देतात, त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन १०० वरून ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात आणि टप्प्याटप्प्याने धमनीतलं रक्त काढून को-ऑक्सिमीटर नावाच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मोजतात. तो झाला खरा आकडा. बोटावरच्या यंत्राचा आकडा त्याच्याशी जुळवून घेतात. कोष्टक तयार करताना ७० च्या खाली सहसा कोणाला नेत नाहीत, म्हणून ७० च्या खालचा प्रत्येक आकडा हा अंदाज आहे.

आता कळीचा मुद्दा. हे स्वयंसेवक बहुतांशी उजळ कातडीचे होते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, म्हणजे एफडीएने, २०१३ मध्ये उत्पादकांना ज्या सूचना दिल्या त्यांत किमान १० माणसं आणि त्यांत गडद कातडीची किमान २, किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी, असं होतं. दहातली दोन. त्या दोघांचा आकडा चुकला तरी आठांच्या सरासरीत तो बुडून जातो आणि यंत्र उत्तीर्ण होतं.

कातडीचा रंग स्थिर असतो, मग तो वजाबाकीत निघून का जात नाही? कागदावर निघून जायला हवा. पण दिव्याचा प्रकाश नेमका ६६० चा नसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला एक पट्टा असतो. मेलॅनिन, म्हणजे कातडीतलं रंगद्रव्य, कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त गिळतं. गडद कातडीतून पार झालेला लाल प्रकाश त्यामुळे मूळ प्रकाशापेक्षा थोडा वेगळा असतो, आणि कोष्टक मात्र मूळ प्रकाशासाठी लिहिलेलं. त्यात सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाशही कमी, म्हणजे संकेत अशक्त. हात गार असेल किंवा रक्तदाब पडलेला असेल तर आणखी अशक्त. आणि ऑक्सिजन जसजसा खाली जातो तसतशी ही चूक वाढते. ज्या वेळी आकड्याची सर्वात जास्त गरज, त्याच वेळी तो सर्वात जास्त फसवा.

हे आज कळलेलं नाही. १९९० मध्ये अमल जुब्रान आणि मार्टिन टोबिन यांनी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांवर हे तपासलं. यंत्रावरचा आकडा आणि धमनीतल्या रक्ताचा आकडा यांत ४ पेक्षा जास्त अंकांचा फरक गोऱ्या रुग्णांत ११ टक्के वेळा पडला, कृष्णवर्णीय रुग्णांत २७ टक्के वेळा. गोऱ्या रुग्णाला ९२ पुरेसे असतील तर कृष्णवर्णीय रुग्णासाठी ९५ धरावेत, असं त्यांनी तेव्हाच लिहिलं. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात फिलिप बिकलर आणि सहकाऱ्यांनी तीन यंत्रं निरोगी स्वयंसेवकांवर तपासली. रक्तातला ऑक्सिजन ६० ते ७० टक्क्यांवर आणला असता, गडद कातडीवर ही यंत्रं सरासरी अडीच ते साडेतीन अंक जास्त दाखवत होती. २००७ मध्ये त्याच गटाने स्त्री-पुरुष आणि बोटाला लावायच्या प्रोबचा (दिवे आणि सेन्सर असलेल्या भागाचा) प्रकार हेही तपासले. दोन्हींमुळे आकड्यात फरक पडतो, असं त्यांना दिसलं.

तरी यंत्रं तशीच विकली गेली, अतिदक्षता विभागातले नियम तसेच राहिले. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आपल्या हॉस्पिटलच्या नोंदी मांडल्या तेव्हा सगळे जागे झाले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतला खरा आकडा ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. अनेक हॉस्पिटलांच्या जुन्या नोंदी पाहिल्या तर हेच आकडे ६.२ आणि १७ टक्के निघाले. जवळजवळ तिप्पट. आणि ही फूटपाथवरून घेतलेली यंत्रं नव्हती, मोठ्या हॉस्पिटलांतली होती. म्हणून महागडं यंत्र घेतलं की प्रश्न सुटला, असं मानू नका.

कोरोनात याची किंमत कोणी मोजली तेही २०२२ मध्ये पुढे आलं. ऑक्सिजन ९४ किंवा त्याखाली गेला तर रुग्ण औषधांना पात्र, असा नियम होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) रुग्णांत यंत्र जास्त आकडा दाखवत राहिलं, त्यामुळे ते पात्र आहेत हे लक्षात यायला उशीर झाला, काहींच्या बाबतीत ते लक्षातच आलं नाही. नियम सगळ्यांना एकच होता. मोजपट्टी मात्र एका रंगावर आखलेली होती.

एफडीएने फेब्रुवारी २०२१ मध्ये इशारा काढला. ब्रिटनमध्ये मार्गारेट व्हाइटहेड यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा वैद्यकीय उपकरणांतल्या विषमतेवरचा अहवाल मार्च २०२४ मध्ये आला, त्यातही हेच यंत्र ठळकपणे होतं. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने नव्या सूचनांचा मसुदा मांडला: दहा नव्हे, किमान १५० माणसांवर चाचणी, आणि कातडीचा रंग डोळ्यांनी 'गडद' असा न ठरवता मंक पट्टीवरच्या दहा छटांशी जुळवून आणि उपकरणाने मोजून. सुधारणा योग्य दिशेने आहे. पण 'आरोग्य राखण्यासाठी' म्हणून विकली जाणारी घरगुती यंत्रं आणि स्मार्ट घड्याळं त्या चौकटीबाहेरच आहेत.

आपल्याकडे याचा संबंध काय, तर थेट आहे. इथे मिळणारी यंत्रं त्याच तत्त्वावर, तशाच कोष्टकांवर चालतात. डबीतलं पत्रक उघडा. त्यात लिहिलेलं असतं: '७० ते १०० टक्के: अधिक-उणे २ टक्के, ७० च्या खाली: निर्देश नाही.' हे कोणत्या रंगाच्या कातडीवर, किती माणसांवर, हे सहसा नसतं. अमेरिकेतले अभ्यास गोरे आणि कृष्णवर्णीय अशा दोन टोकांचे आहेत. आपल्याकडचा गव्हाळ, सावळा, काळासावळा हा मधला मोठा पट्टा त्यात फारसा येत नाही. तेव्हा तिथली टक्केवारी इथे जशीच्या तशी लावणं चूक ठरेल. दिशा मात्र तीच धरावी: कातडी जितकी गडद, तितका वरच्या बाजूच्या चुकीचा संशय जास्त. उन्हातान्हात राबून रापलेली, बोटांच्या टोकांना घट्टे पडलेली माणसं, म्हणजे ऊसतोड कामगार, शेतमजूर, बांधकामावरचे, यांच्या बोटातून प्रकाश आणखी कमी जातो. दवाखान्यात उशिरा पोहोचणारीही हीच माणसं.

आता बायकांचं. इथे जरा थांबायला हवं, कारण इथली चूक यंत्राची कमी आणि आकडा वाचणाऱ्याची जास्त आहे.

ऑक्सिमीटर टक्के मोजतो. हिमोग्लोबिनच्या शंभर खुर्च्यांपैकी किती खुर्च्यांवर ऑक्सिजन बसला आहे, ते. मुळात खुर्च्या किती आहेत, हे तो सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १४ (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम) आणि आकडा ९८ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात १.३४ × १४ × ०.९८, म्हणजे जवळपास १८.४ मिलिलिटर ऑक्सिजन. हिमोग्लोबिन ७ असेल आणि आकडा तोच ९८, तर ९.२ मिलिलिटर. पडदा दोघींना सारखाच हिरवा दिसतो. एकीला जिना चढता येतो, दुसरीला हंडा उचलला की धाप लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, देशभरात ५७ टक्के. पुरुषांत हे प्रमाण देशात २५ टक्के. म्हणजे 'ऑक्सिजन ९८ आहे, काही झालेलं नाही, उगाच घाबरतेय' हे वाक्य पुरुषापेक्षा बाईच्या बाबतीत चुकण्याची शक्यता कितीतरी जास्त. धाप लागते अशी तक्रार असेल आणि ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवत असेल, तर पुढची तपासणी हिमोग्लोबिनची. गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात, ७ च्या खाली तीव्र.

दुसरी गोष्ट चुलीची. लाकडं, गोवऱ्या, काटक्या कोंदट जागेत जळल्या की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. त्याने व्यापलेलं हिमोग्लोबिन ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं, त्यामुळे दोन दिव्यांच्या यंत्राला फरक कळतच नाही. धुराने गुदमरून बेशुद्ध पडलेल्या माणसालाही ते ९८ दाखवू शकतं. साध्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा व्हायला चार-पाच तास लागतात. म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणत असेल, तर ऑक्सिमीटर बाजूला ठेवा, त्यांना मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या. तिथे रक्त को-ऑक्सिमीटरवर तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. रोज चुलीपुढे बसणारीच्या किंवा विडी ओढणाऱ्याच्या आकड्यातही या वायूचा थोडाफार वाटा असू शकतो, हे लक्षात असू द्या.

बाकीच्या अडचणी लहान, पण रोजच्या. बारीक बोटांवर प्रौढांच्या मापाचा चिमटा सैल बसतो, बाजूने उजेड शिरतो आणि आकडा भरकटतो. काळी, निळी, हिरवी नेलपॉलिश आकडा बिघडवते, बहुधा खाली ओढते. एका बोटाची पुसा, तेवढं पुरे. लाल मेंदीचा फारसा त्रास होत नाही, काळ्या मेंदीने मात्र संकेतच अडू शकतो. लग्नसराईत हे अवश्य लक्षात ठेवावं. बोट बदलून पाहा, नाहीतर कानाच्या पाळीला लावायचा प्रोब असलेलं यंत्र शोधा. बोटाचा चिमटा कानाला लावू नका, तो त्यासाठी जुळवलेला नसतो. लहान मुलांनाही प्रौढांचा चिमटा चालत नाही.

सिकलसेलबद्दल थोडक्यात, कारण नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत अनेक घरांचा हा प्रश्न आहे. सिकल हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं, त्यामुळे या रुग्णांचा नेहमीचाच आकडा इतरांपेक्षा खाली असू शकतो. शिवाय तांबड्या पेशी सतत फुटत असल्याने रक्तात थोडा कार्बन मोनॉक्साइड शरीरातच तयार होतो, तो आकडा वर ढकलतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाची तुलना तक्त्याशी न करता त्याच्या स्वतःच्या बऱ्या दिवसाच्या आकड्याशी करावी.

खरेदीचं बोलू. दुकानात आणि ऑनलाइन बोटाचे ऑक्सिमीटर साधारण हजाराच्या आतबाहेर मिळतात, छापील किंमत त्याच्या दुप्पट-तिप्पट असली तरी. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. तेव्हा छापील किमतीवर दिलेल्या 'भरघोस सवलती'ला भुलू नका. पुढच्या गोष्टी पाहा.

डबीवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि औषध नियंत्रण यंत्रणेचा परवाना क्रमांक हवा. 'वैद्यकीय वापरासाठी नाही' असं बारीक अक्षरांत असेल तर ते खेळणं आहे, परत ठेवा. पत्रकात अचूकता लिहिलेली हवी. आयएसओ ८०६०१-२-६१ या मानकात ४ टक्क्यांपर्यंतची चूक बसते, चांगली यंत्रं २ टक्के सांगतात. या '२ टक्क्यां'चा अर्थही समजून घ्या: साधारण दोन-तृतीयांश मोजण्या त्या हद्दीत, उरलेल्या बाहेर. ९० दाखवलं तर खरा आकडा ८६ ते ९४ मध्ये कुठेही असू शकतो, असं एफडीएनेच म्हटलं आहे.

पडद्यावर नुसता आकडा नको. नाडीची लाट दिसणारं यंत्र घ्या, आणि शक्यतो 'पीआय' म्हणजे परफ्यूजन इंडेक्स दाखवणारं. पीआय सांगतो की बोटातून संकेत किती जोरकस मिळतोय. गडद कातडी, गार हात, घट्टे पडलेलं बोट यांच्यासाठी माझ्या मते हीच सर्वात महत्त्वाची सोय आहे, कारण आकड्यावर कधी विश्वास ठेवू नये हे फक्त तीच सांगते. ०.५ च्या खाली असेल तर तो आकडा लिहूनच घेऊ नका. ब्लूटूथ, रंगीत पडदा, आवाज यांसाठी जास्त पैसे घालवायची गरज नाही. सिलिकॉनची आतली गादी मऊ आणि गडद रंगाची हवी, तिच्यामुळे बाहेरचा उजेड अडतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या अ‍ॅपच्या नादी मुळीच लागू नका.

पेन घालून पाहायची चाचणी कोरोनात फार पसरली होती. पेनवरही आकडा दाखवला म्हणजे यंत्र खोटं, असं सरसकट म्हणता येत नाही, कारण हात हलला की चांगलं यंत्रही त्या हालचालीला ठोका समजू शकतं. पेन टेबलावर स्थिर ठेवूनही ते खुशाल ऑक्सिजन ९८ आणि नाडी ७२ दाखवत राहिलं, तर मात्र परत करा. यापेक्षा चांगली चाचणी म्हणजे मनगटावर नाडी पूर्ण एक मिनिट मोजणं. यंत्राची नाडी आणि तुमची मोजणी यांत पाचापेक्षा जास्त फरक असेल, तर ऑक्सिजनचा आकडाही धरू नका. डॉक्टरकडे जाल तेव्हा घरचं यंत्र बरोबर न्या आणि तिथल्या यंत्राशेजारी दुसऱ्या बोटाला लावून पाहा.

वापरायची रीत अशी. पाच मिनिटं शांत बसायचं. हात गार असेल तर चोळून किंवा कोमट पाण्यात धरून गरम करायचा आणि कोरडा पुसायचा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. उजव्या हाताचं मधलं बोट, नख वर, टोक आतल्या भिंतीला टेकेपर्यंत. त्याच हाताला बीपीचा पट्टा नको. खिडकीतलं ऊन किंवा डोक्यावरचा प्रखर दिवा असेल तर वरून रुमाल टाकायचा. बोलायचं नाही, हलायचं नाही. पहिल्या पाच-दहा सेकंदांचा आकडा सोडून द्यायचा. अर्ध्या ते एका मिनिटाने लाट एकसारखी झाली आणि आकडा पाच सेकंद स्थिर राहिला की तो लिहायचा. असं तीनदा. तिन्हींत दोनपेक्षा जास्त अंकांचा फरक असेल तर बोट बदला.

एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी: आकडा ८५ च्या आसपास चिकटून बसला आणि रुग्ण आरामात बोलतोय, तर आधी संकेतावर शंका घ्या. लाल आणि अवरक्त दोन्हींत गोंगाटच गोंगाट असला की गुणोत्तर १ कडे सरकतं, आणि १ म्हणजे ८५. हात गरम करून, दुसऱ्या बोटाला लावून पुन्हा मोजा. उलट, आकडा ९५ असूनही माणूस एका दमात वाक्य पुरं करू शकत नसेल, तर माणसावर विश्वास ठेवा.

सावळ्या-काळ्या कातडीच्या माणसाने आकडा कसा वाचावा? एकट्या आकड्याऐवजी उतार पाहावा. आजारी नसताना आठवडाभर रोज एकाच वेळी मोजून स्वतःचा नेहमीचा आकडा ठरवा. नेहमी ९८ असणाऱ्याचा ९५ झाला, तर '९४ च्या वर आहे ना' म्हणून गप्प बसू नका. तीन अंकांची घट ही फोन उचलण्याची वेळ. कोरोनात सांगितली जायची ती सहा मिनिटं चालण्याची चाचणीही याच तत्त्वावर होती. घरात, सपाट जमिनीवर सहा मिनिटं चालायचं आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांत तीनपेक्षा जास्त घट किंवा ९३ च्या खाली गेलं तर दवाखाना. बसल्या जागी धाप लागत असेल तर ही चाचणी करायची नाही. सीओपीडीच्या रुग्णांसाठी डॉक्टर वेगळी, खालची मर्यादा ठरवून देतात, तीच पाळावी.

आकड्याच्या जोडीला दोन गोष्टी पाहा, त्यांना सेल लागत नाहीत. श्वास: छातीकडे पाहत, रुग्णाला न सांगता, पूर्ण एक मिनिट मोजा. प्रौढ माणसाचा शांत बसून २४ किंवा जास्त होत असेल तर ऑक्सिमीटर काहीही म्हणो, डॉक्टर गाठा. आणि निळेपणा: पाठ्यपुस्तकात ओठ आणि नखं निळी पडतात असं शिकवतात, ते उजळ कातडीवरचं वर्णन आहे. गडद कातडीवर तो बाहेरून कळत नाही, राखाडी छटा येते. जीभ, खालच्या ओठाची आतली बाजू आणि पापणीच्या आतला भाग उजेडात पाहा. रक्तक्षय खूप असेल तर निळेपणा दिसणारच नाही, तिथे पापणीचा आतला भाग पांढुरका दिसेल.

तक्रार उत्पादकांशी आणि नियंत्रकांशी आहे, यंत्राशी नाही. ज्या देशात बहुसंख्य माणसं सावळी आहेत, तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ऑक्सिमीटरच्या पत्रकात 'किती माणसांवर, कातडीच्या कोणत्या छटांवर तपासलं' ही एक ओळ सक्तीची हवी. आशाताईंना आणि उपकेंद्रांना यंत्रं पुरवताना निविदेत ही अट घालणं कोणत्याही जिल्हा परिषदेला अवघड नाही. ग्राहकानेही दुकानात हेच विचारावं. उत्तर मिळणार नाही, पण दहा जणांनी विचारलं की दुकानदार ते वितरकाला विचारतो.

वापरात नसताना सेल काढून ठेवा. ते गळले की आतली स्प्रिंग गंजते आणि यंत्र ऐन वेळी बंद निघतं. आतली गादी स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच पुसा, पाण्यात बुडवू नका. आणि डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने घरातल्या प्रत्येकाचं लिहून ठेवा. आजी: बरी असताना बसून ९६, हिमोग्लोबिन ९.२, तारीख. बाबा: ९८, विडी सोडल्यापासून. वहिनी: ९८, हिमोग्लोबिन १०, सहावा महिना. त्याखाली डॉक्टरांचा नंबर आणि १०८.